दोन झेंड्यांमधली माती

तिसऱ्या झेंडीच्या खड्ड्यातून एक्केचाळीस गांडुळं निघाली. खड्डा नेहमीच्याच मापाचा होता: पंचवीस सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तीस सेंटिमीटर खोल. माती पांढऱ्या ट्रेमध्ये मूठमूठ घेऊन मी फोडली, एकही ढेकूळ न पाहता टाकलं नाही. एक्केचाळीसपैकी चार करडी, बोटभर लांब, काळ्या रानात असतात तशी. उरलेली सदतीस तांबडी, बारीक, अंगावर पिवळसर पट्टे. त्याशिवाय हुमणीच्या दोन अळ्या, एक गोम आणि चहाच्या चोथ्यासारखा काळा, दाणेदार पदार्थ, साधारण दोन ओंजळी.

ऑगस्टमध्ये याच झेंडीपाशी मला तीन गांडुळं मिळाली होती.

ट्रे मांडीवर घेऊन मी उसाच्या सरीत बसून राहिले. आज पहिल्या झेंडीला चौतीस निघाली होती, दुसरीला एकोणतीस. पहिल्या खड्ड्यानंतर मला आनंद झाला होता. दुसऱ्यानंतर शंका आली, आणि तिसऱ्यात तो चोथा दिसल्यावर शंकेलाही जागा उरली नाही. ही तांबडी जात काळ्या मातीत राहत नाही. ती शेणात राहते, कुजणाऱ्या पाल्यात राहते, गांडूळखताच्या वाफ्यात राहते. ती आपणहून इथे आली नव्हती. तिला कोणीतरी घमेल्यातून आणलं होतं.

"निघाली का न्हाय?" बांधावरून मुक्ताबाईंनी विचारलं. हे रान त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं, हरिदासांचं. मी आले की त्या बांधावर खुरपं घेऊन बसायच्या, पण खुरपताना मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं.

"निघाली काकू. एक्केचाळीस."

"बगा की. म्हंजी आमच्या बी रानात जीव हाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं, हसू पुसत होत्या की घाम, कळलं नाही. "आन् थोरल्या भावजींच्या रानात?"

"तिथलं अजून मोजायचंय."

"मोजा, मोजा. नीट मोजा."

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता. तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याच्या उसात वाळल्या पानांचं पाचट जाळलं तर मातीतल्या जिवांचं काय होतं, आणि न जाळता सरीत पसरून कुजू दिलं तर काय होतं? त्यासाठी दोन्हीकडे माती एक हवी, पाणी एक हवं, उसाची जात आणि लागणीची तारीखही एक हवी. माढा तालुक्यात अशी दोन रानं शोधत मी मागच्या हंगामात एसटीने बरीच भटकले आणि शेवटी हे दोघे भाऊ सापडले. वडिलांचं रान त्यांनी मध्ये बांध घालून वाटून घेतलं होतं. बांधाच्या अलीकडे-पलीकडे तीच माती, विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. थोरले रामहरी पाचट ठेवायला तयार झाले. धाकटे हरिदास दरवर्षी पाचट जाळायचे. त्यांना मी म्हटलं, तुम्ही नेहमीसारखंच करा. माझ्या मार्गदर्शक सरांनी आराखड्यावर 'उत्तम' असा शेरा मारला. मातीच्या दृष्टीने तो उत्तमच होता. भावकीच्या दृष्टीने आम्ही दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

दोन्ही पट्ट्यांत सहा-सहा जागा मी चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि तिथे बांबूच्या काठीला टॉवेलच्या लाल पट्ट्या बांधल्या. बाबा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहेत, त्यामुळे चिंध्यांना आमच्याकडे तोटा नाही. प्रत्येक मोजणी या झेंड्यांच्या हातभर अंतरातच करायची, म्हणजे जागा बदलली म्हणून आकडा बदलला, असं कोणाला म्हणता येऊ नये.

आजची मोजणी शेवटची. रामहरींच्या रानात उद्या सकाळी ऊसतोड लागणार होती आणि लागलीच हरिदासांच्या रानात. एकदा टोळी शिरली, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या फिरल्या, की माती दबते. मग तिथे काहीही मोजलं तरी ते चाकाखालच्या मातीचं. प्रबंध महिनाअखेर जमा करायचा होता. जाळलेल्या पट्ट्याचा खरा आकडा नसेल तर पाचटाच्या पट्ट्याचा आकडा ताडून पाहायचा कशाशी?

मी ट्रे घेऊन बांधावर आले.

"काकू, ही गांडुळं या रानातली नाहीत."

"म्हंजी? गांडुळाला काय आधार कार्ड असतंय व्हय?"

"असतं म्हणा. हे पट्टे बघा. ही खताच्या वाफ्यातली आहेत. तुमच्या बचत गटाचा वाफा आहे ना गोठ्यामागे?"

"हाय की. पर तितली हितं कशाला येतील? पावसात आली असतील."

"पाऊस येऊन किती दिवस झाले."

"मग पाटाच्या पान्यात आली असतील. तुमी शिकलेल्या, तुमालाच ठावं." आणि त्यांनी खुरपं हातात घेऊन एक गवताची काडी उपटली.

सरांना फोन लावायला मला विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीपर्यंत जावं लागलं. तिथे रेंज मिळते, पण एकाच कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यात गांधीलमाशांचं पोळं आहे.

"वाढली असतील तर वाढली म्हणून लिही," सर म्हणाले.

"वाढली नाहीत सर. कोणीतरी टाकलीयत. जातच वेगळी आहे."

"मग सोपं आहे. तांबडी वगळ, चार धर."

"पण सोबत खतही पडलंय. खताकडे देशी गांडुळंसुद्धा ओढली जातात. चार हाही आकडा खरा नाही. आणि मातीच्या श्वासाची, कार्बन डायऑक्साइड मोजायची बाटली त्याच झेंडीपाशी ठेवलीय, तोही आकडा गेला."

"हे बघ उत्कर्षा, तू पीएच.डी. करत नाहीयेस. ऑगस्टचे आकडे सुंदर आहेत. पाचपट फरक आहे. परिषदेचं पोस्टर छापून आलंय. डिसेंबरची मोजणी क्षेत्रीय अडचणींमुळे होऊ शकली नाही, असं एक वाक्य टाक. अशी वाक्यं सगळ्यांच्या प्रबंधात असतात."

"पण अडचण नव्हती सर. मोजणी झालीय."

"मी मीटिंगमध्ये आहे," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

या वर्षी प्रयोगशाळेचा तराजू दुरुस्तीला गेला तो अजून परत आलेला नाही. मातीचे नमुने ठेवलेल्या फ्रीजचं बटण कोणीतरी पोळीचा डबा ठेवताना बंद केलं आणि उन्हाळ्याचे सगळे नमुने नासले. प्रत्येक वेळी मी पुन्हा केलं. पुन्हा करता येत होतं, म्हणून चिडून का होईना, पण केलं. या वेळी पुन्हा करायला रानच उद्या उभं नसणार होतं.

मी परत येऊन मुक्ताबाईंशेजारी बसले. त्यांनी किटलीतला चहा झाकणात ओतून माझ्यासमोर ठेवला.

"काकू, मला भांडायचं नाही. कोणी टाकलं हेही नको. फक्त कुठे टाकलं आणि कुठे नाही, तेवढं सांगा. जिथे टाकलं नसेल तिथे मी खणीन. नाहीतर माझं वर्ष गेलं."

"तुमचं वरीस," त्या म्हणाल्या. "आन् आमचं?"

मी चहाचं झाकण उचललं.

"सप्टेंबरात तुमच्या सरांनी समाजमंदिरात पडदा लावला न्हवं? समदा गाव बसलेला. दोन खांब काडलं व्हतं. एक हिरवा, ह्यो एवडा उंच. खाली नाव, रामहरी. एक तांबडा, वीतभर. खाली नाव, हरिदास. तवापास्नं ह्येंच्यासंगं हॉटेलात कोन नीट चा पीत न्हाय. काय हरिदास, रान मेलं म्हनं तुजं. पोराला बगाय पावनं आलं, त्येंनी बी तेच इचारलं. तुमी काय म्हनला व्हता? काय करू नका, नेमीसारकं ऱ्हावा. आमी तेवडंच केलं. आन् नापास कोन, तर आमी."

तो तक्ता मला आठवला. मी 'अ' आणि 'ब' असं लिहून दिलं होतं. लोकांना आपली माणसं ओळखू आली पाहिजेत, म्हणत सरांनी कार्यक्रमाच्या सकाळी नावं टाकली होती.

"नापास नाही काकू. एका रानात काही न बदलता ठेवावं लागतं. त्याशिवाय दुसऱ्या रानात काय बदललं ते कळत नाही. तुमचं रान नसतं तर त्यांच्या खांबाला काही अर्थच नव्हता."

"मग त्ये पडद्यावर का न्हाय लिवलं?"

मी चहा संपवला. त्या खाली बघत म्हणाल्या, "दोन-दोन घमेली. दिवाळीच्या आदी एकदा आन् ह्या आटवड्यात एकदा. निस्तं झेंड्यापाशी. मदी कुटं न्हाय. येवडं खत आनू कुटनं? गटाच्या बाया इचारत्यात, वाफा कसा बसला म्हून."

"तू टाकलंस?"

हरिदास आमच्या मागे उभे होते. खांद्यावर पाइपाचं वेटोळं होतं, ते त्यांनी सावकाश खाली ठेवलं.

"मग काय करू?" मुक्ताबाई म्हणाल्या. "तुमी तर हॉटेलात जायाचंच सोडलं."

मी लगेच कामाचं बोलले, कारण ऊन उतरत होतं. झेंड्यांपासून किमान तीन मीटर दूर, नव्या जागा, सहा इकडे, सहा तिकडे. हरिदासांनी मान हलवली आणि मग थांबवली.

"तिकडं कशाला? दादाकडं झेंडीपाशीच खना की. आमच्याकडं मदी खना. कोनाला काय कळतंय?"

"कळणार नाही काका, पण चालणार नाही. दोन्हीकडे पद्धत एकच लागते."

"म्हंजी दादाला सांगावं लागनार."

"मी सांगते. आकड्यात गडबड झाली म्हणते."

"नगं." त्यांनी टिकाव उचलला. "तुमी सांगनार, मग त्यो हॉटेलात सांगनार, मग मला हॉटेलातनं कळनार. त्यापरीस मीच सांगतो."

बांध ओलांडून आम्ही तिघं पलीकडे गेलो. रामहरी टोळीच्या ट्रॉलीला वाट व्हावी म्हणून रानाच्या तोंडाशी पडलेले दगड बाजूला करत होते. भावाला आपल्या बांधावर आलेला पाहून ते ताठ उभे राहिले.

"दादा," हरिदास म्हणाले, "आमच्या हिनं झेंड्यापाशी गांडूळखत टाकलं. मॅडमचं काम बिगाडलं. आता त्येंना दोन झेंड्यांच्या मदी खनायचं हाय. माज्याकडं बी आन् तुज्याकडं बी."

मला वाटलं, रामहरी हसतील. मुक्ताबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या अगोदरच दुसरीकडे बघत होत्या. पण रामहरी हसले नाहीत. त्यांनी हातातला दगड उगाच दुसऱ्या हातात घेतला.

"माज्याकडं मदी कशाला?" ते मला म्हणाले. "माज्याकडं हाय तितंच खना. झेंडीपाशी माती झ्याक हाय."

"झेंडीपाशीच झ्याक आहे का अण्णा? मध्ये नाही?"

"मदी बी हाय. पर झेंडीपाशी जरा जास्ती हाय."

"का?"

ते थोडे घुटमळले आणि मग अगदी सरळ सांगून मोकळे झाले. "तुमी काटी रवली न्हवं, तवाच वळखलं. साळा तपासाय सायेब येतो, तवा कोनचा वर्ग झाडत्यात? त्यो ज्यात बसनार, त्योच. मी शेनकाला वतायचो. लई न्हाय. पंदरा दिसाला येक-येक बादली."

"कधीपासून?"

"काटी रवल्यापास्नं म्हनलो की."

म्हणजे ऑगस्टच्याही आधीपासून. ऑगस्टमध्ये या रानात खड्ड्याला सरासरी निघालेली सोळा गांडुळं पाचटाची नव्हती, बादलीची होती. सरांचा हिरवा खांब बादलीचा होता. छापून आलेलं पोस्टरही बादलीचंच. ज्या आकड्यामुळे मुक्ताबाईंनी घमेली उचलली, तो आकडाच मुळात उभा नव्हता. मी तिथेच खाली बसले. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. मी त्यांना वर्षभर पाचट किती जाड पसरलं ते विचारलं होतं, युरिया किती घातला ते विचारलं होतं, पाणी किती तास दिलं ते विचारलं होतं. झेंडीपाशी वेगळं काही करता का, हे मी कधी विचारलं नव्हतं, कारण कोणी तसं करील असं कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

हरिदासांच्या नाकातून आधी एक आवाज आला, मग ते खरंच हसू लागले.

"म्हंजी तू बी."

"मी बी काय? मी माज्या रानात माजं शेन घातलं. तुज्यावानी गटाची गांडुळं न्हाय पळवली."

"आन् हॉटेलात रान मेलं म्हननारा कोन व्हता?"

"मी न्हवतो म्हनलो. मी निस्ता हसलो."

"त्येच म्हन्तो."

"येवडं लागलं व्हतं तर तवाच बोलायचं."

"तुज्या खांबाम्होरं उबं ऱ्हाऊन?"

मुक्ताबाई म्हणाल्या, "भांडान उद्या घाला. ही पोरगी बसलीया मातीत."

मी उठले. वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर सरीचा क्रमांक आणि रानाच्या तोंडापासूनचं अंतर लिहिलं. झेंडीच्या तीन मीटरच्या आत पडणाऱ्या जागा काढून टाकल्या. चिठ्ठ्या मुक्ताबाईंनी पदरात घेऊन हलवल्या आणि डोळे मिटून काढल्या, दोन्ही भावांच्या देखत. खणण्याबाबत रामहरींनी अट घातली: "हरिदासच्या रानात मी खननार, माज्या रानात त्यो खनंल, म्हंजी मागनं कोनी काय बोलाय नगं." अट शास्त्राच्या दृष्टीने निरर्थक होती. मी मान्य केली.

मोटरीच्या खोलीकडे जाऊन मी सरांना पुन्हा फोन केला. ऑगस्टचे आकडेही चालणार नाहीत, हे त्यांना आजच कळायला हवं होतं.

सगळं ऐकून ते म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं तिथे एवढं विचारायला?"

"मध्ये खणायचं म्हटलं तर त्यांनीच सांगितलं सर."

"पोस्टर पुढच्या आठवड्यात लावायचंय. माझंही नाव आहे त्यावर."

"हो सर."

"आता लिहिणार काय तू?"

"आज जे निघेल ते."

"आणि काहीच निघालं नाही तर?"

एक गांधीलमाशी माझ्या कानाजवळून फिरून गेली. मी म्हटलं, "तर तेही लिहीन, सर." ते म्हणाले, मग पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घ्यायची तयारी ठेव, मी यावर सही करीनच असं नाही. मी बरं म्हटलं. बरं वाटलं नव्हतं.

खणायला वेळ लागला. उभ्या उसात टिकाव नीट फिरत नाही, पाती हातापायाला कापतात. हरिदास पाचट बाजूला सारून खणत होते आणि दर खड्ड्याला म्हणत होते, "बग दादा, तुजी झ्याक माती." पलीकडून रामहरी म्हणायचे, "गप खन." मी दोन्हीकडे धावत होते, माप लावत होते, माती पोत्यावर घेऊन फोडत होते. पाचव्या खड्ड्याला माझी नखं सोलली. हरिदासांनी एकदा एक गांडूळ स्वतःहून शोधून माझ्या ट्रेमध्ये टाकलं. ते खड्ड्याबाहेरचं होतं, मी काढून टाकलं. त्यांना ते आवडलं नाही. "येकच तर हाय," ते म्हणाले, "कशाला टाकता?" मी समजावून सांगितलं नाही. तेवढा धीर उरला नव्हता.

टोळीचा मुकादम मोटारसायकलवरून येऊन रान पाहून गेला. खड्डे बघून त्याने विचारलं, "काय हुडकताय?" रामहरींनी त्याला ट्रॉलीची वाट दाखवली.

शेवटची माती मी बांधावर, उरलेल्या उजेडात फोडली. दोघे भाऊ दोन बाजूंना उकिडवे बसले होते. मुक्ताबाई माझ्याबरोबर पुटपुटत मोजत होत्या. मोजून झाल्यावर रामहरींनी विचारलं, "बोला की मॅडम. कोन पुडं?"

मी आकडे मोठ्याने वाचले. प्रबंधात मी ते असे लिहिले:

जाळलेला पट्टा: सहा खड्डे, सतरा गांडुळं, खड्ड्याला सरासरी २.८. पाचट ठेवलेला पट्टा: सहा खड्डे, एकवीस गांडुळं, खड्ड्याला सरासरी ३.५. तांबडं, पट्टेवालं दोन्हीकडे एकही नाही. संख्याशास्त्रीय चाचणीनुसार दोन पट्ट्यांतला फरक लक्षणीय नाही; तो योगायोगाचाही असू शकतो.